तुमचं वजन योग्य आहे का? घरच्या घरी नीट तपासून ठरवण्याची पद्धत

मुंबईत तुमच्या वजनावर मत देणाऱ्यांची कमतरता नाही. माझ्या बाबतीत एकाच महिन्यात तीन निकाल लागले. कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या रिपोर्टवर ‘ओव्हरवेट’ असं छापून आलं, स्टेशनजवळच्या एका जिममधल्या मुलाने ‘मॅडम, बारा किलो तरी उतरवायला लागतील’ असं सांगितलं आणि लग्नात भेटलेली मावशी म्हणाली, ‘किती वाळलीस गं!’ यातलं कुणाचं खरं धरायचं हे शोधताना मी पुष्कळ वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि घरातल्या प्रत्येकाच्या पोटाला टेप लावला. त्यातून हाती लागलेली पद्धत इथे क्रमाने देते आहे. ती वीस वर्षांवरच्या आणि गरोदर नसलेल्या माणसांसाठी आहे. इतरांबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. काट्यावरचा आकडा एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही. उंचीच्या मानाने वजन, पोटाचा घेर, रक्ताचे रिपोर्ट आणि रोजचं काम शरीर कसं पेलतं, या चार गोष्टी एका पानावर शेजारी शेजारी लिहिल्या की मगच काही ठरवता येतं.

जवळ काय हवं

- डिजिटल वजनकाटा (घरात नसेल तर दर वेळी एकाच केमिस्टकडचा किंवा दवाखान्यातला)
- शिवणकामाचा टेप. जुना कापडी टेप ताणून लांब झालेला असतो, म्हणून तो आधी स्टीलच्या पट्टीला लावून बघा
- न ताणणारा दोरा किंवा सुतळी, तुमच्या उंचीएवढी
- एक जाड पुस्तक आणि पेन्सिल
- वही
- मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट आणि चालू औषधांच्या स्ट्रिप्स

१. आधी उंची, आणि खरी उंची

बहुतेकांना आपली उंची म्हणून कॉलेजात असतानाचा आकडा पाठ असतो, आणि बऱ्याचदा त्यात इंचभर भर पडलेली असते. चपला काढा आणि टाचा, पार्श्वभाग, खांदे भिंतीला टेकवून समोर बघत उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करायला सांगा. केसांचा अंबाडा असेल तर तो सोडा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा.

तीन सेंटिमीटरने काय फरक पडतो, असं वाटेल. पुढच्या हिशोबात उंचीचा वर्ग करायचा असतो, त्यामुळे चांगलाच पडतो. ६० किलो वजनाच्या बाईची उंची १६० सेंटिमीटर धरली तर उत्तर २३.४ येतं, १६३ धरली तर २२.६. आपल्याकडची मर्यादा नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे.

२. वजन करताना

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करायचं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. काटा सपाट फरशीवर ठेवा. आपल्या छोट्या घरांत तो हमखास मोरीच्या दाराशी ठेवलेला असतो, तिथे फरशीला उतार असतो आणि आकडा चुकतो. गादी, चटई, पायपुसणं यांवर तर नकोच.

काटा बरोबर आहे का हे बघायला पाच किलोची न फोडलेली तांदळाची किंवा आट्याची पिशवी वापरा. आधी नुसतं स्वतःचं वजन करा, मग पिशवी हातात घेऊन. फरक पाच किलोच्या आसपास आला पाहिजे.

एका दिवसात वजन किलो-दीड किलोने वरखाली होणं अगदी सामान्य आहे. रविवारचं मटण, पापड-लोणचं, हॉटेलचं खारट जेवण यांमुळे शरीर पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधीच्या दिवसांतही तेच होतं. उलट कडक उपवास केला की आधी साठवलेलं ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) आणि त्याच्याबरोबरचं पाणी जातं. चतुर्थीनंतर काट्यावर दिसणारी घट ही बरीचशी पाण्याची असते, चरबीची नव्हे. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर आनंद किंवा दुःख करू नका. चार आठवड्यांचे चार आकडे लिहा आणि त्यांची सरासरी पुढे वापरा.

३. बीएमआय काढा आणि आपल्या मर्यादा लावा

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १६० सेंटिमीटर म्हणजे १.६ मीटर. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. वजन ६० असेल तर ६० भागिले २.५६, म्हणजे २३.४.

इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. मोबाइलवरची बरीचशी ॲप १८.५ ते २४.९ ही जागतिक मर्यादा लावतात आणि २३.४ ला हिरवा रंग देतात. भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो. त्यामुळे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या: २३ च्या खाली ठीक, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ आणि त्यापुढे लठ्ठपणा. खालची रेषा साधारण १८.५ धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला या हिशोबाने ४७ ते ५८ किलो असा पट्टा येतो. पट्टा अकरा किलोंचा आहे, हे लक्षात ठेवा. ‘तुमचं आदर्श वजन ५२ किलो’ असा एकच आकडा सांगणाऱ्याला तो कुठून आणला, हे जरूर विचारा. सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करण्याचा जुना हिशोबही असाच ढोबळ आहे.

आता बीएमआयची खरी अडचण. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा अभ्यास करायचा होता, एकेका माणसाची तब्येत तपासायची नव्हती. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर १९७२ साली अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी दिलं. वजनात चरबी किती, स्नायू किती आणि चरबी शरीरात कुठे आहे, हे सूत्राला कळत नाही.

याचा पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, ही आपल्या लोकांची ठेवण. याज्ञिक यांच्या पुण्याच्या अभ्यासांत ती नवजात बाळांतही दिसली. म्हणून बीएमआय काढून थांबू नका. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या लठ्ठपणावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही हेच सांगितलं: केवळ बीएमआयवरून निदान करू नका, जोडीला पोटाचा घेर किंवा चरबीचं थेट माप घ्या.

४. पोटाचा घेर

मला एकच माप घ्यायला परवानगी दिली, तर मी हे घेईन.

कुशीत बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा. मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोहोंच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. तो मागेपुढे जमिनीला समांतर हवा, कातडीत रुतलेला नको आणि ढिलाही नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि श्वास सोडलेल्या स्थितीतच आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा.

भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८०.

पँटचा नंबर हे पोटाचं माप नव्हे. पोट सुटलं की पुरुष पँट पोटाच्या खाली बांधायला लागतात. नंबर वर्षानुवर्षं ३४ राहतो आणि टेप लावला की पोट ३८ इंच निघतं. बायकांच्या बाबतीत साडी आणि इलॅस्टिकवाली सलवार वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाहीत.

टेप नसेल तर दोरा घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढा कापा, मधोमध दुमडा आणि ती दुमड पोटाभोवती फिरवा. टोकं एकमेकांना टेकली तर घेर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे. टेकली नाहीत तर तो जास्त आहे. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा, ही शिफारस ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. बुटक्या पुरुषांनी तर ९० सेंटिमीटरपेक्षा दोऱ्यावरच विश्वास ठेवावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला दोरा ८० ची मर्यादा सांगतो.

पोटाला एवढं महत्त्व का? मांड्या आणि नितंबांवर कातडीखाली साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीतून सुटलेली स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात. फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर ही साखळी तिथून सुरू होते. पाळी थांबल्यावर बायकांमधली चरबीही मांड्यांकडून पोटाकडे सरकते. पन्नाशीच्या बायकांचं वजन तेच राहून घेर वाढतो, तो यामुळे.

जिममधल्या ‘बॉडी कॉम्पोझिशन’ मशीनबद्दल थोडंसं. ती शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधते. घाम गाळल्यावर आणि दोन ग्लास पाणी प्यायल्यावर एकाच माणसाचे आकडे वेगळे येतात. पेसमेकर असलेल्यांनी तिच्यावर उभंच राहू नये. फुकट तपासणीच्या नावाखाली हा कागद हातात देऊन वर्षाचं पॅकेज विकलं जातं. कागद घ्या, पॅकेजची सही त्या दिवशी करू नका.

५. कातडी आणि झोप काय सांगतात

मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर आणि मखमली झाली आहे का? ती मळ नाही. कितीही घासलं, बेसन-लिंबू लावलं तरी जात नाही, कारण बहुतेक वेळा ती रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. तिथेच बारीक लोंबते मस आले असतील तर शंका आणखी वाढते. घरातल्या तरुण मुलींना ‘मान नीट धुत जा’ म्हणून ओरडणाऱ्या आयांनी हे जरूर वाचावं. सोबत पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (बीजकोशांशी संबंधित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या.

घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड असणं आणि लोकलमध्ये बसायला मिळताक्षणी डोळा लागणं, हे एकत्र असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला झोप येणारच. पण सुट्टीत आठ तास झोपूनही तसंच होत असेल, तर त्याला दमणूक म्हणून सोडून देऊ नका.

६. रक्तदाब आणि रक्त

महागड्या पॅकेजची गरज नाही. एवढं पुरतं:

- रक्तदाब: पाच मिनिटं शांत बसून, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखूशिवाय. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टरांकडे जा.
- उपाशीपोटी साखर: १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ आणि पुढे मधुमेहाच्या घरात (पुन्हा तपासून खात्री करतात).
- एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर): ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि पुढे मधुमेह.
- लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी): ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली हवेत. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या वर.
- हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी).

हिमोग्लोबिन मी मुद्दाम घातलं. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्ताची कमतरता धरतात. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. म्हणून दोन्ही आकडे डॉक्टरांना एकत्र दाखवा.

कुठे जायचं? महापालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ घराजवळ शोधा. तिथे तपासणी आणि रक्ताच्या बऱ्याच चाचण्या मोफत होतात. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि वही सोबत न्या, वेळा दारावरच्या फलकावर बघून घ्या. साध्या मोजमापासाठी मुंबईतल्या केईएम, सायन, नायर किंवा कूपरच्या ओपीडीत केस पेपरच्या रांगेत उभं राहू नका. दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली तर तिथे जायचंच.

चालू औषधं जरूर दाखवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, पर्याय आहे का हे विचारा.

७. शरीर काय पेलतं

हे कुठल्याच रिपोर्टवर छापून येत नाही, पण माझ्या मते याचं महत्त्व घेराखालोखाल आहे. दादर किंवा कुर्ल्याचा पूल खांद्याला बॅग घेऊन न थांबता चढता येतो का? चढून गेल्यावर सलग एक वाक्य बोलता येतं का? जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का? वेळेवर भूक लागते का, पोट साफ होतं का, सकाळी ताजं वाटतं का? पाळी नियमित आहे का? उत्तरं वहीत हो-नाही अशी लिहून ठेवा.

आपल्याकडे ही दृष्टी फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही एकाच पंक्तीत, दोषी शरीरांत, बसवलं आहे. चांगल्या बांध्याचं वर्णन करताना तिथे वजन नाही. मांस प्रमाणात असलेला माणूस भूक, तहान, ऊन, थंडी आणि व्यायाम सोसू शकतो, त्याचं पचन बिघडत नाही, असं म्हटलं आहे. आजच्या रक्ततपासणीची जागा हे घेऊ शकत नाही, पण तिच्यातून सुटणारं बरंच काही यात सापडतं.

८. आता सगळं एका पानावर लिहा

*बीएमआय २३ ते २५, घेर उंचीच्या निम्म्याच्या आत, रक्त ठीक, पूल सहज चढता येतो.* मी याच गटात निघाले. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं नाही. वाढू देऊ नका आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा, एवढंच सांगितलं.

*बीएमआय २३ च्या खाली, पण घेर जास्त.* माझे दीर असे आहेत. अंगाने काटक, लग्नातला कोट अजून होतो, म्हणून त्यांना कुणी कधी तपासणी करून घे म्हटलं नाही. टेप लावला तर घेर ९४, आणि साखर काठावर. या गटातल्या लोकांनी वजन नव्हे, घेर कमी करायचा असतो. उपाशी राहिलं तर आधीच कमी असलेले स्नायू आणखी जातात. डाळ, कडधान्यं, अंडी, मासे, दही वाढवायचं, भात-पोळी-पाव कमी करायचं आणि स्नायूंना काम द्यायचं.

*बीएमआय २५ च्या पुढे आणि घेरही जास्त.* वीस किलोंचं लक्ष्य ठेवू नका. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. ८० किलोला हे ४ ते ८ किलो होतात. आठवड्याला अर्धा किलो पुरे. दहा दिवसांत निकाल देणारी पावडर, घटकांची नावं नसलेल्या पुड्या आणि ओळखीतून मिळणारी इंजेक्शनं यांना हात लावू नका. वजनाची इंजेक्शनं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

*बीएमआय १८.५ च्या खाली.* लहानपणापासून बारीक, भूक चांगली, रक्त ठीक असेल तर घाबरण्यासारखं नाही. ताकद वाढवा. पण प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन गेलं असेल, तर ‘बारीक झालो’ म्हणून खूश होऊ नका आणि डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम असेल तर क्षयरोगाची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. मुंबईत ही शंका आधी दूर करायची. खूप तहान आणि वारंवार लघवी असेल तर त्याच दिवशी साखर बघा.

एखादी मुलगी बारीक असूनही जेवण टाळत असेल, जेवल्यावर उलटी काढत असेल किंवा दिवसातून पाच वेळा काट्यावर चढत असेल, तर घरातला काटा उचलून ठेवा आणि मानसोपचाराची मदत घ्या. टेलिमानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

घेर आणि वजनाची सरासरी महिन्यातून एकदा लिहा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतं, त्यामुळे ते तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून पैसे घालवू नका.

९. घरातल्या इतरांना ही मापं लावू नका

मुलांना वरच्या मर्यादा लागू नाहीत. त्यांच्यासाठी वय आणि लिंगाप्रमाणे वाढीचे तक्ते असतात, ते बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात. शाळेतल्या मुलाचा बीएमआय १७ म्हणजे कुपोषण, असं समजून त्याला तूप कोंबू नका. गरोदर बाईचं वजन किती वाढायला हवं, हे गरोदरपणाआधीच्या वजनावरून डॉक्टर ठरवतात.

साठीनंतर काळजी उलट दिशेने घ्यावी लागते. वजन तेच राहतं, पण स्नायू झिजतात आणि त्यांच्या जागी चरबी येते. पाय सैल सोडून पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली माप आलं तर स्नायू कमी झाल्याची शंका घेतात. मग हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, शेजारी कुणीतरी उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर अशा आजी-आजोबांना ‘वजन कमी करा’ असा सल्ला देऊ नका. त्यांच्या ताटात डाळ, दूध, अंडं वाढवा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की हे दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा.